नोंद अंतःक्षेपण

नोंद अंतःक्षेपण (लॉग इंजेक्शन) ही संगणक सुरक्षेतील एक त्रुटी आहे. वापरकर्त्याने दिलेला मजकूर न तपासता नोंदवहीत (लॉगमध्ये) लिहिला गेल्यास हल्लेखोराला तेथे खोट्या नोंदी घुसवता येतात किंवा खऱ्या नोंदींचा अर्थ बदलता येतो. 'सीडब्ल्यूई' या आंतरराष्ट्रीय सूचीत तिचा क्रमांक ११७ आहे. 'ओवॅस्प'च्या २०२१ च्या दहा प्रमुख जोखमींच्या यादीत ती सुरक्षा नोंदी व देखरेखीतील अपयश या नवव्या वर्गात मोडते.

स्वरूप

बहुतेक नोंदवह्यांत एक ओळ म्हणजे एक घटना असते. समजा, एखाद्या ऑनलाइन अर्जात गावाच्या रकान्यात 'मुखेड' असे लिहून त्यापुढे नवी ओळ सुरू करणारे चिन्ह आणि दिनांक-वेळेसह 'प्रशासकाचा प्रवेश यशस्वी' असा मजकूर भरला. आज्ञावलीने तो जसाच्या तसा नोंदवला, तर नोंदवहीत दोन ओळी उमटतात. दुसऱ्या ओळीतील घटना घडलेलीच नसते. मात्र तिची मांडणी इतर ओळींसारखीच असल्याने तपास करणाऱ्याला फरक कळत नाही.

देखरेख प्रणालींवरील परिणाम

नोंदी वाचून आपोआप कारवाई करणाऱ्या प्रणालींना या त्रुटीचा धोका अधिक असतो. 'डेनिहोस्ट्स' व 'फेलटूबॅन' या आज्ञावली दूरस्थ प्रवेशाचे (एसएसएच) फसलेले प्रयत्न नोंदींतून शोधतात आणि संबंधित आयपी पत्ता रोखतात. वापरकर्तानावातच दुसऱ्याचा आयपी पत्ता लिहिल्यास या आज्ञावली तोच पत्ता हल्लेखोराचा समजतात, असे २००६ मध्ये आढळले. २००७ मध्ये जोडणीच्या वेळी पाठवल्या जाणाऱ्या आवृत्तीच्या ओळखीतूनही हेच साधता येत असल्याचे उघड झाले. अशा रीतीने निरपराध वापरकर्त्याचा किंवा खुद्द प्रशासकाचा प्रवेश बंद पाडता येत असे.

डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेली 'लॉगफोरशेल' ही 'लॉगफोरजे' या जावा ग्रंथालयातील त्रुटी याच्याशी संबंधित, पण अधिक गंभीर होती. तीत नोंदवला जाणारा विशिष्ट मजकूर आज्ञेप्रमाणे उलगडला जाऊन बाहेरील सर्व्हरवरील संकेत चालवता येत असे.

भारतातील कायदेशीर संदर्भ

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७०ब अन्वये 'सर्ट-इन'ने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या व शासकीय संस्थांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे आणि सायबर घटना ६ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून सादर करता येतो. या प्रमाणपत्रात अभिलेखाचे हॅश मूल्य द्यावे लागते. हॅश मूल्यावरून अभिलेखात नंतर फेरफार झाला की नाही हे कळते. परंतु अंतःक्षेपित ओळ मुळात आज्ञावलीनेच लिहिलेली असल्याने ती या पडताळणीत उघडी पडत नाही. म्हणून नोंद लिहिली जाण्यापूर्वीच खबरदारी घ्यावी लागते.

प्रतिबंध

* नवी ओळ व इतर नियंत्रण-चिन्हे दृश्य संकेतांत बदलून मगच नोंदवणे.
* 'जेसन'सारख्या संरचित स्वरूपात प्रत्येक माहिती स्वतंत्र रकान्यात ठेवणे.
* नोंदी वाचणाऱ्या आज्ञावलीने आयपी पत्ता ओळीत कोठेही न शोधता ठरलेल्या जागेवरूनच घेणे.
* विश्वासू पत्ते आपोआप रोखले जाऊ नयेत म्हणून त्यांची वेगळी यादी ठेवणे.
* नोंदींची प्रत वेगळ्या सर्व्हरवर पाठवून इतर नोंदींशी ताडून पाहणे.

देवनागरी मजकुराबाबत विशेष दक्षता लागते. केवळ रोमन अक्षरे स्वीकारणारी गाळणी मराठी नावे नाकारते. तसेच 'दुसऱ्या'सारख्या शब्दांतील अर्धा र काही कळफलकांवर शून्य-रुंदीच्या अदृश्य जोडचिन्हाने लिहिला जातो. सर्वच अदृश्य चिन्हे काढून टाकल्यास असे शब्द बिघडतात. त्यामुळे चिन्हे सरसकट न वगळता ती संकेतबद्ध करणे हितावह ठरते.