'चॅरिटी' म्हणजे काय?

रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीवर रुग्णांचे नातेवाईक वारंवार विचारतात, "रुग्णालय चॅरिटेबल आहे, मग बिल कशाचे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर काही अंशी या शब्दाच्या इतिहासात आणि काही अंशी कायद्यात आहे.

'चॅरिटी'चे मूळ लॅटिन 'कारितास' हा शब्द होय. त्यामागील 'कारुस' या विशेषणाचे दोन अर्थ, प्रिय आणि महाग. (आमच्या खरेदी विभागास दुसरा अर्थ अधिक परिचित आहे!) फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा प्रारंभीचा अर्थ ईश्वराविषयीचे व माणसांविषयीचे प्रेम असा होता. १६११ च्या इंग्रजी बायबलात करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात 'चॅरिटी' हाच शब्द आहे. १८८१ च्या सुधारित भाषांतरात तेथे 'लव्ह' आला. तोवर 'चॅरिटी' म्हणजे दानधर्म, हा अर्थ रूढ झाला होता. आपल्याकडे शब्द आला तो याच अर्थाने. ठाण्याच्या गडकरी रंगायतनात किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यमंदिरात संस्थांच्या मदतीसाठी लागणारा 'चॅरिटी शो' आपणांस ठाऊक आहेच.

कायद्याने मात्र अर्थ व्यापक ठेवला आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ९ मध्ये दारिद्र्यनिवारण आणि वैद्यकीय साहाय्य ही दोन वेगळी धर्मादाय प्रयोजने आहेत. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांच्याकडून शुल्क घेऊनही रुग्णालय धर्मादाय राहते; शिल्लक रक्कम विश्वस्तांना वाटून घेता येत नाही, ती संस्थेच्या कार्यासच लागते.

गरिबांचा वाटा कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांनी ठरविला. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांस विनामूल्य, आणखी १० टक्के दुर्बल घटकांस सवलतीने. यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. देणगीदारांनी या कारणासाठी दिलेली रक्कमही त्याच निधीत जाते.

खेदाची गोष्ट अशी की मुरबाड, शहापूरकडून येणारी काही कुटुंबे "आम्हांला चॅरिटी नको" असे सांगून दागिने गहाण टाकतात. त्यांना हा शब्द भिकेसारखा वाटतो. वस्तुतः हा त्यांचा कायदेशीर हक्क आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन, रुग्ण दाखल होतानाच समाजसेवा विभागास भेटावे. डिस्चार्जच्या दिवसाची वाट पाहू नये. तातडीच्या प्रसंगी कागदपत्रे मागाहून आणली तरी चालतात, आणि या रुग्णांकडून अनामत रक्कम घेतली जात नाही.