वाहन चालवताना मोबाईल : प्रमादाची किंमत

विहाराला निघालेले साधू-साध्वी महामार्गाच्या कडेने अनवाणी चालत असतात. पुढची सुमारे चार हात जमीन न्याहाळायची, एखादा जीव पायाखाली येऊ नये म्हणून जपून पाऊल टाकायचे, ही त्यांची ईर्यासमिती. त्याच रस्त्यावर त्यांच्या पाठीमागून एखादी मोटार वेगाने येते आणि चालकाची दृष्टी हातातील मोबाईलवर असते. मुंगीलाही जपणाऱ्या त्या जीवाचे रक्षण त्या क्षणी केवळ चालकाच्या नजरेवर अवलंबून असते. विहारात वाहनाची धडक बसल्याच्या वार्ता समाजाने वारंवार ऐकल्या आहेत. चालकाचे लक्ष ढळण्याच्या कारणांत मोबाईल हे आज घरोघरी आढळणारे कारण आहे.

हिशेब व्यापाऱ्याला सहज समजेल असा आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते. आलेला संदेश वाचण्यात पाच सेकंद गेले, तर तेवढ्यात तिने 80 मीटरहून अधिक रस्ता जणू डोळे मिटून कापलेला असतो. ब्रेकवर पाय जातो तो त्यानंतर. वाहन चालवताना मोबाईल वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांची कारणे अनेक आहेत. मात्र मोबाईल हे त्यांपैकी असे कारण आहे, की जे टाळण्यास ना पैसा लागतो, ना नवा रस्ता.

‘कानाला यंत्र लावले आहे, हात मोकळे आहेत’ हे समाधानही फसवे ठरते. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, फोनवर बोलणाऱ्यांकडून सिग्नल निसटण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढले. फोन हातात असो वा हात मोकळे असोत, परिणामात फरक आढळला नाही. नुसता रेडिओ ऐकणाऱ्यांच्या बाबतीत मात्र असे घडले नाही. संभाषणात मन गुंतले, की डोळे उघडे असूनही समोरचे दिसत नाही. शेजारी बसलेला माणूस वळण आले की बोलणे थांबवतो. फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्याला ते वळण दिसत नाही.

व्यापारी कुटुंबांनी येथेच थांबून विचार करावा. पेढीवरून माल घेऊन निघालेल्या मुलाला भाव कळवायचा असतो, वसुलीला गेलेल्या भावाला आकडा विचारायचा असतो, टेम्पोचालकाला ‘कुठवर आलास?’ असे दर दहा मिनिटांनी विचारले जाते. फोन उचलला नाही तर रागावणारेही घरचेच असतात. चालकाच्या हाती फोन देणारी ही घाई गादीवरून सुटलेली असते. अपघात झाल्यावर दोष चालकाच्या माथी पडतो, त्या प्रमादातील वाटा मात्र फोन करणाऱ्याचाही असतो.

कायद्यानेही हा अपराध किरकोळ मानलेला नाही. 2019 मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 नुसार, वाहन चालवताना फोन हातात धरून वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. पहिल्याच अपराधाला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्हीही शिक्षा सांगितल्या आहेत.

तथापि दंडापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेचे लक्षण सांगताना प्राणघाताच्या जोडीने प्रमादाचा निर्देश केलेला आहे. ‘मारण्याचा हेतू नव्हता’ एवढे म्हणून बेसावध माणसाची सुटका होत नाही.

उपाय घरातच आहेत. गाडी सुरू करण्यापूर्वी फोन आवाज बंद करून मागच्या आसनावर ठेवावा. निकडीचे बोलणे असल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवूनच बोलावे. फोन करणाऱ्याने पहिला प्रश्न ‘गाडी चालवतोस का?’ हाच विचारावा आणि उत्तर ‘हो’ आले तर लगेच फोन ठेवावा. पेढीवरील वाहनचालकांना, रस्त्यात फोन न उचलल्याबद्दल कोणी बोल लावणार नाही, असे मालकाने स्वतः सांगावे. एखादा सौदा दहा मिनिटे उशिरा ठरला, तर ते नुकसान पुढच्या सौद्यात भरून निघते. रस्त्यावर गेलेला जीव कोणत्याही वहीत पुन्हा जमा होत नाही.