मीठ घातलं, तरी पाणी जडच

कराड कृष्णा-कोयनेच्या संगमावर वसलेलं असलं, तरी अनेक सोसायट्या आणि बंगल्यांची भिस्त बोअरवर आहे. काळ्या पाषाणातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम उतरतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसेल, तर 600 पर्यंत चालतो.

हा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनर यंत्रातले रेझिनचे बारीक मणी हे क्षार धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने ते धुवावे लागतात. यालाच रिजनरेशन म्हणतात.

ते करूनही साबणाला फेस येत नसेल, तर आधी मिठाची टाकी बघा. रिजनरेशन चालू असताना तिच्यातली पातळी खाली जायला हवी. ती हलत नसेल, तर मिठाचं पाणी रेझिनपर्यंत पोचतच नाही. कारण बहुधा दाबाचं असतं. दहा मीटर उंचीमागे जेमतेम एक किलो दाब मिळतो, त्यामुळे दुमजली घराच्या गच्चीवरची टाकी मिठाचं पाणी खेचणाऱ्या इंजेक्टरला पुरेशी ओढ देऊ शकत नाही. छोटा प्रेशर पंप लागतोच. दाब ठीक असेल, तर इंजेक्टरचं बारीक भोक तपासा. मिठातल्या मातीने ते बुजतं. स्वच्छ खडेमीठ घ्या. टाकीतलं मीठ काठीने टोचूनही बघा, कारण कधी कधी वर घट्ट पापुद्रा आणि खाली पोकळी असते.

पातळी उतरूनही फरक नसेल, तर मीठ कमी पडतंय किंवा लोहाने मणी तांबूस झालेत.

धुवणीचं खारट पाणी मात्र झाडांना घालू नका. सोडियमने माती चोपण होते.