किडकिडीत पोराला कसलं कोलेस्टेरॉल?

मागच्या वेळी आपण मोठ्या माणसांच्या रक्तातल्या चरबीबद्दल बोललो. त्यानंतर एका आजीचा फोन आला. म्हणाल्या, "बाई, हे लहान पोरांना पण असतं का? आमचा नातू तर काडीपैलवान आहे." आजी, आजचं बोलणं तुमच्याच प्रश्नावर.

असतं. आणि काडीपैलवानालाही असतं.

कोलेस्टेरॉल म्हणजे काही विष नाही. शरीराच्या वाढीला ते लागतं आणि बरंचसं आपलं लिव्हर, म्हणजे यकृतच तयार करतं. रक्तात जास्तीचं फिरणारं कोलेस्टेरॉल परत ओढून घ्यायचं कामही यकृताचंच. काही घराण्यांत हे ओढून घेणं जन्मापासूनच कमी पडतं. न्हाणीघराची मोरी अर्धी बुजली तर पाणी थोडंच टाकलं तरी साचतं, तसंच हे. पोर काय खातं याचा त्यात फारसा दोष नसतो. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला हा दोष असतो, म्हणजे मोठ्या गावात दहा-पंधरा जण सहज निघतील. आई किंवा बाप, एकाकडे दोष असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी.

आता माझीच चूक सांगते. मी नर्स म्हणून गावोगाव फिरायची तेव्हा एक बाई अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. "ताई, ह्याच्या कोपराला न् गुडघ्याला पिवळ्या गाठी आल्यात. दुखत न्हाईत." मी हात लावून बघितलं आणि म्हटलं, चरबीच्या गाठी आहेत, काही होत नाही. चरबीच्या होत्या हे खरं. काही होत नाही, हे खोटं. त्याचा बाप चौतिसाव्या वर्षी शेतात छातीत कळ येऊन गेला होता. लोक म्हणाले, उन्हानं गेला. मला ते माहीत होतं, पण दोन्ही गोष्टी मी जोडल्या नाहीत. पुढं वर्षभरानं शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. मुलाचं एकूण कोलेस्टेरॉल पाचशेच्या वर. चांगल्या तब्येतीच्या मुलाचं ते १७०च्या आत असतं.

एवढं कसं? आई-बाप मामे-आते भावंडं. आपल्याकडं मामाची मुलगी करणं रीतीचं. पण एकाच घराण्यातला दोष दोघांकडून आला, तर मुलाची मोरी जवळजवळ पूर्णच बुजते. अशा मुलाला विशीच्या आतही हार्टअटॅक येऊ शकतो. त्या आईचं आणि धाकट्या बहिणीचं रक्त तपासलं, दोघींचंही वाढलेलं निघालं. दोघींना वरून काहीच त्रास नव्हता.

हेच ध्यानात घ्या. एकाच बाजूनं दोष आलेल्या मुलाला बहुतेक वेळा गाठही येत नाही, दमही लागत नाही. रक्तवाहिन्यांना मात्र लहानपणापासून आतून थर चढत राहतो. म्हणून पोराकडं बघून काही कळत नाही, घरातल्या मरणांकडं बघावं लागतं. बाप, काका, आजा यांच्यापैकी कुणाला पंचावन्नच्या आत, किंवा आई, मावशी, आत्या, आजी यांच्यापैकी कुणाला पासष्टच्या आत हार्टअटॅक आला असेल, तर मुलांचं रक्त तपासून घ्या. दोन वर्षांनंतर कधीही चालतं. शाळेत, अंगणवाडीत डॉक्टरांचं पथक येतं तेव्हा ते वजन-उंची, डोळे, दात, हृदय बघतात. घरातली गोष्ट आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कशी? कागदावर लिहून द्या, कोण, कितव्या वर्षी, कशानं गेलं. ग्रामीण रुग्णालयात गेलात तर 'लिपिड प्रोफाइल' म्हणा. रिपोर्टात एलडीएल नावाचा आकडा असतो. मुलाचा तो १३०च्या वर असेल तर डॉक्टरांकडं परत जायचंच.

दोष निघाला तर साधारण आठ-दहा वर्षांच्या वयापासून स्टॅटिनची गोळी देतात. दोन्हीकडून आलेला असेल तर त्याआधीच, आणि उपचार मोठ्या हृदयरोग रुग्णालयात. गोळी रोजची असते, आकडा उतरला म्हणून बंद करायची नाही. मुलगी मोठी होऊन लग्न झालं, तर दिवस राहण्याआधी तिनं डॉक्टरांना या गोळीबद्दल सांगायला हवं. सासरी लपवायची गोष्ट नाही ही.

आता एक भीती वाटते मला. हे ऐकून कुणी घरी जाईल आणि अशक्त पोराच्या ताटातलं अंडं, तूप काढून घेईल. तसं करू नका! चांगल्या तब्येतीच्या पोराला अंडं, दूध, भाकरीवर चमचाभर तूप हवंच. दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं तर कधीच तोडू नका. तोडायचं ते रोजचं पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट, डालडा, आणि तळून तळून काळं झालेलं गाड्यावरचं तेल. शेंगदाण्याच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतं, त्याला उगाच बदनाम केलंय. घरात कुणी विडी ओढत असेल तर बाहेर पाठवा. आणि रक्तात दोष निघाला म्हणून पोराला घरात बसवू नका. किती पळू द्यायचं ते डॉक्टर सांगतील, बहुतेकांना खेळायची मुभाच असते.

तो मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे. दर काही महिन्यांनी शहरात तपासायला जातो. बहीण गोळी घेते आणि कबड्डी खेळते. त्यांच्या चुलत्याच्या घरी अजून कुणी रक्त दिलेलं नाही. मी पुढच्या आठवड्यात तिकडं जाणार आहे.