गर्भारपण आणि पतिपत्नीसंबंध : समज, पथ्य आणि दक्षता

बिदर तालुक्यातील जनवाडा आणि त्याच्या परिसरातील गावांत मराठी, कन्नड व उर्दू या तिन्ही भाषा नित्य कानी पडतात. घरातील सुनेला दिवस गेले की तिने काय खावे, कोणते काम टाळावे, ग्रहणात कसे वागावे, याविषयीचा सल्ला तिला तिन्ही भाषांत मिळतो. मात्र एका प्रश्नापाशी या तिन्ही भाषा मूक होतात. गर्भारपणात पतिपत्नींनी शरीरसंबंध ठेवावा की नाही, हा तो प्रश्न होय. सासू सुनेशी बोलत नाही, पती डॉक्टरांना विचारत नाही आणि स्त्री तर आशाताईंजवळही हा विषय काढण्यास संकोचते. या मौनातून दोन प्रकारची हानी होते. काही घरांत निष्कारण भीती बाळगली जाते, तर काही घरांत धोक्याचे लक्षण लाजेपोटी लपविले जाते. यांपैकी दुसरी हानी प्राणावर बेतू शकते.

परंपरेचे मत

चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत गर्भिणीने समागम टाळावा असे सांगितले आहे. रक्तस्राव थांबविण्याची खात्रीची साधने नसलेल्या त्या काळी अशी सावधगिरी स्वाभाविक होती. त्याच परंपरेत गर्भवतीच्या इच्छेलाही मोठे स्थान आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत तिचे डोहाळे पुरवावेत व तिला प्रिय असेल ते करावे असे म्हटले आहे. या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही सुप्रसिद्ध टीका विज्ञानेश्वरांनी याच जिल्ह्यातील कल्याण, म्हणजे आजच्या बसवकल्याण, या चालुक्यांच्या राजधानीत लिहिली. डोहाळेजेवणाच्या रूपाने हा विचार घरोघरी टिकून आहे. तिला काय हवे आहे हे जाणण्याची ही रीत ताटापुरतीच मर्यादित राहू नये.

शरीररचना काय सांगते

गर्भ हा गर्भाशयाच्या जाड स्नायुमय भिंतीच्या आत, पाणमोटेतील गर्भजलात तरंगत असतो. गर्भाशयाचे मुख बंद असून त्यावर घट्ट चिकट स्रावाचे बूच बसलेले असते. त्यामुळे समागमाच्या वेळी गर्भाला स्पर्श होत नाही व त्यास इजाही पोहोचत नाही. समागमानंतर पोट काही वेळ कडक झाल्यासारखे वाटते. हे गर्भाशयाचे सौम्य आकुंचन असून विश्रांती घेतल्यास ते थोड्याच वेळात शमते. ज्या स्त्रीचे गर्भारपण निर्दोष आहे, तिच्या बाबतीत शरीरसंबंधामुळे गर्भपात होतो किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती होते, असे आधुनिक वैद्यकास आढळलेले नाही.

पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याहून अधिक गर्भपात हे गर्भाच्या मूळ घडणीतील, म्हणजे गुणसूत्रांतील, दोषामुळे होतात. म्हणून अशा प्रसंगी पतिपत्नींनी स्वतःस किंवा परस्परांस अपराधी मानू नये आणि घरच्या मंडळींनीही सुनेस बोल लावू नये.

संबंध केव्हा वर्ज्य मानावा

पुढील परिस्थितीत शरीरसंबंध पूर्णपणे थांबवून डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे :

१. अंगावरून थोडेही रक्त जात असल्यास.
२. वार गर्भाशयमुखावर किंवा त्याच्या अगदी जवळ असल्याचे सोनोग्राफीत दिसले असल्यास.
३. पाणमोट फुटून पाणी जाऊ लागले असल्यास.
४. दिवस भरण्यापूर्वीच कळा येऊ लागल्या असल्यास.
५. गर्भाशयमुख सैल असल्यामुळे त्यास टाका घातलेला असल्यास.

ज्या स्त्रीची पूर्वीची प्रसूती अपुऱ्या दिवसांत झाली असेल, किंवा जिच्या पोटात जुळी असतील, तिने याविषयी आधीच विचारून घ्यावे.

यांतील दुसरे कारण विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वार खाली असल्यास गर्भारपणाच्या उत्तरार्धात लालभडक रक्त जाऊ लागते आणि पोटात मात्र मुळीच दुखत नाही. दुखत नाही म्हणून स्त्री स्वस्थ राहते. समागमानंतर रक्त दिसले असेल तर लाजेपोटी ती कोणासही सांगत नाही. पहिला स्राव बहुधा आपोआप थांबतो, पण पुढचा स्राव आई व बाळ दोघांच्याही जिवावर उठू शकतो. अशा वेळी गावातील सुईणीकडून आतून तपासणी करून घेऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून, प्रसूतीची व रक्त देण्याची सोय असलेले रुग्णालय त्वरित गाठावे. रक्त केव्हा गेले आणि त्यापूर्वी समागम झाला होता काय, हे डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

इच्छा, सोय आणि स्वच्छता

पहिल्या तीन महिन्यांत मळमळ व थकवा यांमुळे अनेक स्त्रियांची इच्छा मंदावते. मधल्या महिन्यांत ती काहींच्या बाबतीत परत येते, तर शेवटच्या महिन्यांत पोटाच्या भाराने पुन्हा ओसरते. हे चढउतार नैसर्गिक असून पतीने त्यास रुसवा किंवा अवहेलना समजू नये. पत्नीची इच्छा नसेल तर संबंध नाही, हा नियम विवाहित घरातही तितकाच लागू आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या अधिनियमात लैंगिक छळाचाही समावेश केलेला आहे.

उत्तरार्धात स्त्रीच्या पोटावर भार पडणार नाही, अशी कुशीवरची स्थिती सोयीची असते. तिने फार वेळ उताणे झोपू नये. संबंधापूर्वी दोघांनी स्वच्छता राखावी व नंतर स्त्रीने लघवी करून घ्यावी. लघवीस जळजळ होत असल्यास किंवा दुर्गंधीयुक्त स्राव जात असल्यास उपचार घ्यावेत.

संसर्गाचा धोका

या भागातील अनेक पुरुष कामासाठी हैदराबाद, पुणे, मुंबई येथे जातात व महिन्यांनी घरी परततात. बाहेर जडलेला उपदंश किंवा एचआयव्हीचा संसर्ग गर्भारपणात पत्नीस झाल्यास तो बाळापर्यंत पोहोचू शकतो. उपदंशाने बाळ पोटातच दगावण्याचा संभव असतो, मात्र वेळीच पेनिसिलिन दिल्यास तो टळतो. एचआयव्हीबाधित मातेवर उपचार न झाल्यास १०० पैकी १५ ते ४५ बाळांना संसर्ग होतो. योग्य उपचारांनी हे प्रमाण ५ च्या आत आणता येते. म्हणून पतिपत्नी दोघांनीही रक्ततपासणी करून घ्यावी आणि शंका असल्यास निरोध वापरावा. दिवस गेले असताना निरोधाची काय गरज, ही समजूत चुकीची आहे.

माहेर, सासर आणि तायी कार्ड

पहिल्या बाळंतपणासाठी मुलीने माहेरी जाण्याची चाल येथे दृढ आहे. सासर जनवाड्यास आणि माहेर उदगीर किंवा देगलूरकडे असल्यास ती शेवटच्या महिन्यांत राज्याची सीमा ओलांडते. अशा वेळी तायी कार्ड, रक्ततपासणीचे व सोनोग्राफीचे कागद तिच्यासोबत असलेच पाहिजेत. वार खाली असल्याची नोंद सासरच्या कपाटात राहिली, तर माहेरच्या डॉक्टरांस ती कळावी कशी?

बाळंतपणानंतर रक्तस्राव पूर्ण थांबून जखम भरेपर्यंत, साधारणतः सहा आठवडे, संबंध टाळावा. सव्वा महिन्याची जुनी रीत या सल्ल्याशी जुळणारी आहे. मात्र पाळी परत येण्यापूर्वीही गर्भ राहू शकतो. तेव्हा तांबी किंवा अन्य साधनाचा विचार बाळंतपणापूर्वीच करावा.

विचारण्याचे धैर्य

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले आणि वाचकांच्या अशाच प्रश्नांना निःसंकोच उत्तरे दिली. त्यापायी त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू न्यायालयात मांडली. आज असा प्रश्न विचारण्यासाठी कोणासही खटल्यास तोंड द्यावे लागत नाही. गर्भारपणात किमान चार तपासण्या व्हावयाच्या असतात आणि २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली शासकीय आरोग्य संस्थांत विनामूल्य तपासणी होते. यांपैकी एका तपासणीस तरी पतीने सोबत जावे. आरोग्यसेविकांनी आणि आशाताईंनीही रक्तदाब व वजन यांची चौकशी करतात तितक्याच सहजपणे हा विषय आपण होऊन काढावा. एकदा प्रश्न विचारला गेला, की निष्कारण भीती दूर होते आणि खरा धोका वेळीच ध्यानात येतो.