वाचायचे काय आणि पाळायचे काय?
सामाईक फाइलींमध्ये दडणाऱ्या आज्ञांविषयी

तिसरीच्या वर्गात शुद्धलेखन घालताना आपण सांगतो, "गोदावरीला पूर आला, पूर्णविराम." मुले वाक्य लिहितात आणि शेवटी टिंब देतात. 'पूर्णविराम' हा शब्द कुणी लिहीत नाही. एखादे नवखे मूल तो शब्दच लिहून टाकते आणि वर्गात हशा पिकतो. आता वाक्य बदलू या : "विधान संपले की पूर्णविराम द्यावा." इथे मात्र 'पूर्णविराम' हा शब्दच लिहायचा आहे. शिक्षकाच्या तोंडून येणारा मजकूर आणि त्याच तोंडून येणारी सूचना, दोन्ही एकाच आवाजात येतात. कोणती लिहायची आणि कोणती पाळायची, हे मूल अर्थावरून ठरवते.

संगणकाला अर्थ कळत नाही. त्याला फक्त नियम कळतात. त्यामुळे मजकूर आणि आज्ञा यांची गल्लत होण्याचा धोका त्याच्या बाबतीत फार मोठा आहे. या गल्लतीतून निर्माण होणाऱ्या एका दोषाचे नाव आहे 'क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग'. त्यातला सर्वांत चिवट प्रकार म्हणजे 'स्टोअर्ड', म्हणजे साठवून ठेवलेला. अनेक जण मिळून फाइली वापरतात अशा प्रणालींमध्ये तो कसा शिरतो, हे या लेखात पाहू.

शिक्षकांचा याच्याशी काय संबंध?

जिंतूर, सेलूपासून गंगाखेड, पालमपर्यंत परभणी जिल्ह्याचे नऊ तालुके. एकेकाळी शाळांची माहिती केंद्रप्रमुखांच्या पिशवीतून कागदावर फिरत असे. आता पटसंख्या, पोषण आहाराचा हिशेब, शिष्यवृत्तीच्या याद्या, गुणपत्रके अशा फाइली संगणकावरील सामाईक फोल्डरमध्ये ठेवता येतात आणि अनेक शाळांना त्या एकत्र हाताळता येतात. आम्हा संशोधकांचेही तसेच आहे. पावसाच्या नोंदी, पिकांच्या प्रयोगांची कोष्टके वेगवेगळ्या गावांतून एकाच फोल्डरमध्ये येतात. सोय मोठी आहे. पण शिष्यवृत्तीच्या यादीत मुलांची नावे, जन्मतारखा आणि बँकेचे खातेक्रमांक असतात, हे विसरून चालणार नाही.

पानातला मजकूर आणि पानातल्या खुणा

असा फोल्डर आपण बहुधा ब्राउझरमध्ये उघडतो. ब्राउझरला येणारे पान साध्या अक्षरांचे बनलेले असते. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातील प्रयोगशाळेत १९९० च्या सुमारास या पानांची भाषा, एचटीएमएल, तयार केली. तिच्यात < आणि > या दोन चिन्हांमध्ये जे लिहिले असेल ती खूण, आणि बाकीचा मजकूर, असा नियम आहे.

हे करून पाहता येते. नोटपॅडमध्ये रोमन लिपीत परभणी लिहा. शब्दाच्या आधी <, रोमन बी आणि > ही तीन चिन्हे द्या. शब्दानंतर <, तिरकी रेघ, बी आणि > द्या. 'सर्व फाइली' हा प्रकार निवडून नावापुढे टिंब आणि रोमन अक्षरांत एचटीएमएल असे शेपूट लावून फाइल साठवा. ती ब्राउझरमध्ये उघडली की परभणी ठळक अक्षरांत दिसते. बी आणि कोनी चिन्हे दिसतच नाहीत. ब्राउझरने ती वाचली नाहीत, पाळली.

अक्षर ठळक करणारी खूण निरुपद्रवी आहे. परंतु १९९५ साली नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली आणि पानांमध्ये खुणांबरोबर संपूर्ण प्रोग्रॅम घालता येऊ लागले. पान उघडताच प्रोग्रॅम चालू लागतो. आजची बहुतेक सोयीची संकेतस्थळे यावरच उभी आहेत, आणि आपला दोषही इथूनच सुरू होतो.

हल्ला कसा होतो?

समजा, केंद्राच्या सामाईक फोल्डरमध्ये कुणीतरी एक फाइल ठेवली. आतला मजकूर साधा, पण फाइलचे नाव म्हणून त्याने कोनी चिन्हांत बसवलेली जावास्क्रिप्टची आज्ञा लिहिली. प्रणालीने ते नाव इमानेइतबारे साठवले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी फोल्डर उघडला. फाइलींची यादी दाखवण्यासाठी प्रणालीने सगळी नावे जशीच्या तशी पानात ओतली. ब्राउझरला ते नाव आहे हे कसे कळणार? त्याला आज्ञा दिसली, त्याने ती पाळली. मुख्याध्यापकांनी ती फाइल उघडलीसुद्धा नव्हती.

ब्राउझर एखाद्या प्रोग्रॅमवर विश्वास ठेवतो तो पत्त्यावरून. एका संकेतस्थळाच्या पानातील प्रोग्रॅमला दुसऱ्या संकेतस्थळाची माहिती वाचता येत नाही, हा नियम ब्राउझर कसोशीने पाळतात. पण ही आज्ञा तर विश्वासातल्या पत्त्यावरूनच आली आहे. त्यामुळे ती मुख्याध्यापकांच्या अधिकाराने चालते. ती त्यांच्या नावे फाइली वाचू शकते, गुण बदलू शकते, फोल्डर परक्याला खुला करू शकते. पासवर्ड चोरण्याची गरज नसते, कारण मुख्याध्यापक आधीच आत आलेले असतात. आज्ञा साठवलेली असल्यामुळे फोल्डर उघडणाऱ्या प्रत्येकावर हा प्रयोग पुन्हा होतो.

विंडोजमध्ये फाइलच्या नावात < आणि > ही चिन्हे घालताच येत नाहीत, म्हणून काही प्रोग्रॅमर निर्धास्त राहतात. लिनक्समध्ये मात्र ती चालतात. नावाखेरीज फाइलीखालचे अभिप्राय, फोल्डरचे वर्णन, वापरणाऱ्याने स्वतःचे दिलेले नाव, या सगळ्या वाटा तशाच आहेत. आणखी एक वाट चित्रांची. एसव्हीजी प्रकारचे चित्र ठिपक्यांचे नसते. 'इथून इथपर्यंत रेघ काढ' अशा लिखित सूचनांचे असते आणि त्यात प्रोग्रॅमही घालता येतो. पानात चित्र म्हणून बसवले तर ब्राउझर तो चालू देत नाही, पण तीच फाइल स्वतंत्रपणे उघडली तर तो चालतो.

घडलेल्या घटना

४ ऑक्टोबर २००५ रोजी सॅमी कामकार या एकोणीस वर्षांच्या तरुणाने मायस्पेस या संकेतस्थळावर आपल्या परिचयपानात अशी आज्ञा ठेवली. ते पान पाहणाऱ्याच्या यादीत सॅमी मित्र म्हणून जोडला जाई आणि तीच आज्ञा पाहणाऱ्याच्या पानातही उतरे. सुमारे वीस तासांत दहा लाखांहून अधिक पाने बाधित झाली. मायस्पेसने 'जावास्क्रिप्ट' हा शब्दच गाळण्याची व्यवस्था केली होती. सॅमीने तो शब्द दोन ओळींत तोडला. गाळणीला शब्द ओळखता आला नाही, काही ब्राउझरांनी मात्र तुकडे जोडून तो वाचला.

ही घटना बरीचशी खोडी होती. ऑक्टोबर २०२३ मधील घटना तशी नव्हती. राउंडक्यूब या टपालप्रणालीतील असाच दोष हेरगिरी करणाऱ्या गटाने युरोपातील सरकारी कार्यालयांविरुद्ध वापरला. आज्ञा एसव्हीजीच्या खुणांमध्ये दडवली होती आणि पत्र ब्राउझरमध्ये नुसते उघडले तरी ती चालत असे. फाइली सामाईक वापरण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या ओनक्लाउड व नेक्स्टक्लाउड या मुक्त प्रणालींनीही आपल्यात सापडलेले असे दोष वेळोवेळी जाहीर करून दुरुस्त केले आहेत. माइटर या अमेरिकी संस्थेने काढलेल्या धोकादायक दोषांच्या २०२४ सालच्या यादीत या दोषाचा क्रमांक पहिला आहे.

उपाय

वाईट शब्दांची यादी करून ते गाळणे, हा उपाय सॅमीने फोल ठरवला. खरा उपाय चिन्हाची ताकद काढून घेण्याचा आहे. मघाच्या नोटपॅडच्या फाइलीत प्रत्येक < च्या जागी &, रोमन एल, टी आणि ; ही चार चिन्हे सलग लिहा. आता ब्राउझर < हे चिन्ह दाखवतो, पण खूण म्हणून पाळत नाही. परभणी ठळक होत नाही आणि खुणा जशाच्या तशा दिसतात. बाहेरून आलेला प्रत्येक शब्द पानात मांडताना प्रणालीने हे करायला हवे. एक जागा राहिली तरी तेवढे भोक पुरते.

याशिवाय प्रणाली बनवणारे आणखी काही भिंती उभारतात. लोकांनी चढवलेल्या फाइली वेगळ्याच पत्त्यावरून दाखवतात. पाहुण्याला ओसरीवर बसवावे, माजघरात नव्हे, तसेच हे. गूगलही असाच वेगळा पत्ता वापरते. धोकादायक प्रकारची फाइल ब्राउझरमध्ये न उघडता फक्त उतरवून घेऊ देतात. कोणत्या ठिकाणचे प्रोग्रॅम चालवावेत याची यादीही ब्राउझरला आधीच देता येते.

शाळेच्या पातळीवर काय करावे?

१. प्रणाली शाळेच्या किंवा संस्थेच्या संगणकावर बसवली असेल तर तिच्या सुधारित आवृत्त्या लगेच घ्याव्यात. दोष जाहीर झाल्यावर जुनी आवृत्ती वापरत राहणे म्हणजे कुलूप मोडले आहे हे कळूनही दार तसेच ठेवणे.

२. सर्वाधिकार असलेले खाते रोजच्या कामाला वापरू नये. आज्ञा ज्याच्या अधिकाराने चालते, तेवढेच नुकसान ती करू शकते.

३. कुणालाही फाइल टाकता येईल असा खुला दुवा काम संपताच बंद करावा. खातेक्रमांकांच्या याद्या अशा फोल्डरमध्ये ठेवूच नयेत.

४. काम झाले की 'लॉग आउट' करावे. आत नसलेल्या माणसाच्या अधिकाराने आज्ञा चालत नाही.

गणिताच्या शिक्षकांना एक निरुपद्रवी चाचणी सहज करता येईल. आपल्या शाळेच्या फोल्डरमध्ये अभिप्राय लिहिताना रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, ए<बी असे लिहून पुढे एखादे वाक्य लिहा. सगळे जसेच्या तसे उमटले तर त्या जागी तरी चिन्हाची ताकद काढलेली आहे. बी पासून पुढचे वाक्य गायब झाले, तर प्रणाली सांभाळणाऱ्याला जरूर विचारा. प्रणालीने तो भाग स्वतःच गाळला असेल किंवा ब्राउझरने तो खूण समजून गिळला असेल. यापुढची तपासणी त्याच्यावर सोपवावी. दुसऱ्याच्या प्रणालीत परवानगीवाचून आज्ञा घालून पाहणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा ठरू शकतो, हे मुलांनाही सांगायला हवे.

मुलांना आणखी एक कोडे घालता येईल. शुद्धलेखनात सूचना देण्यापूर्वी टाळी वाजवायची असा नियम केला, तर मजकूर आणि सूचना वेगळ्या राहतील का? मग ज्या वाक्यातच टाळीचा आवाज उतरवायचा असेल, ते कसे सांगायचे? मुले स्वतःच 'दोन टाळ्या म्हणजे एक टाळी लिहा' असा काहीतरी नियम काढतील. संगणकशास्त्रज्ञांनी नेमके तेच केले आहे. नियम सोपा आहे. तो प्रत्येक ठिकाणी, न विसरता पाळणे तेवढे कठीण आहे, आणि यादीतल्या मुलांचे खातेक्रमांक सुरक्षित राहणे त्यावरच अवलंबून आहे.