खलनायकाची पारख

१९७९ साली अमेरिकेतल्या केनर कंपनीने ‘एलियन’मधल्या राक्षसाची १८ इंची फिगर बाजारात आणली. चित्रपट मोठ्यांचा, खेळणं मुलांचं! पालक भडकले आणि माल फारसा खपला नाही. आज संग्राहक नेमके तिच्याच मागे असतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: डोक्यावरचं पारदर्शक झाकण आहे का? ते सुटून हरवायचं. झाकण, मूळ खोका आणि आतलं पोस्टर शाबूत असेल, तर भाव चांगलाच चढतो.

नव्या फिगरची पारख वेगळी. १९९८ मध्ये मॅकफार्लेनच्या ‘मूव्ही मेनिॲक्स’ मालिकेने बारीक घडणीला मान मिळवून दिला; सांधे मात्र मोजकेच. नेका कंपनीच्या ७ इंची फिगरमध्ये दोन्हींचा मेळ बसतो.

इथे चित्रपट पाठ असलेला गिऱ्हाईक फसत नाही. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या दुसऱ्या भागात खुनी जेसनच्या डोक्यावर पोतं आहे, हॉकीचा मुखवटा १९८२ च्या तिसऱ्या भागात आला. त्याच भागात शेवटी कुऱ्हाडीचा घाव बसतो, म्हणून चौथ्या भागातल्या जेसनच्या मुखवट्यावर खाच हवीच. भयपटांतला दुसरा खलनायक फ्रेडी क्रूगर; त्याचा चार पात्यांचा पंजा उजव्याच हातात.

बाकी तपासणी रुक्ष. सांधे सैल झालेत का, डोळ्यांचा रंग सरकलाय का? मऊ पीव्हीसी जुनं झालं की त्यातलं तेलकट द्रव्य पाझरतं आणि फिगर चिकट होते. हा चिकटपणा फोटोत सहसा कळत नाही आणि विकणाराही आपणहून क्वचितच सांगतो.